बेहड्याच्या खोऱ्यातली शांतता

डोंगरमाथ्यापासून नदीच्या वळणापर्यंत पसरलेल्या एका जंगलात एक हत्तीण राज्य करत असे. जंगल मोठे होते. त्यात पळसाचे खोरे होते, बांबूचे होते, मोहाचे होते आणि अगदी वरच्या अंगाला बेहड्याचे खोरे होते. प्रत्येक खोऱ्यात रानकुत्र्यांची एक टोळी पहाऱ्याला नेमलेली होती. बिबट्याला हुसकावायचे, तरसाला पिल्लांपासून लांब ठेवायचे आणि पाणवठ्याची वाट मोकळी राखायची, हे टोळीचे काम. (मग रानकुत्री खात काय असत, असे तुमच्यापैकी कोणीतरी विचारणारच. आमच्या घरीही विचारले गेले. मला उत्तर सापडले नाही, तेव्हा आपण पुढे जाऊ.)

हत्तीण न्यायी होती, पण एकटी होती. "कोणती टोळी नीट पहारा करते आणि कोणती नुसती सावलीत लोळते, हे मला कळायचं कसं?" असे तिने एकदा बगळ्याला विचारले. बगळा तिचा सल्लागार होता. तो एका पायावर उभा राहून इतका वेळ विचार करी की, त्याचे म्हणणे खरेच असणार, असे सगळ्यांना वाटे.

"सोपं आहे, आईसाहेब," बगळा म्हणाला. "बिबट्या दिसला की वानरं झाडावरून खोकल्यासारखी हाक देतात. हरणं टूक् करून खूर आपटतात. जिथे हाका जास्त, तिथे पहारा ढिला. जिथे हाका कमी, तिथे पहारा कडक. मी खोऱ्याखोऱ्यातून हिंडतो आणि हाका मोजून आणतो."

हत्तिणीला ते पटले. खरे सांगायचे तर मलाही पटले असते. मग असे ठरले की, ज्या खोऱ्यात सर्वांत कमी हाका येतील, तिथल्या टोळीने उन्हाळाभर नदीकाठच्या अर्जुन वृक्षाच्या गार सावलीत विसावा घ्यायचा. जिथे सर्वांत जास्त हाका येतील, तिथल्या टोळीने तापलेल्या कातळावर बसायचे.

पहिल्याच उन्हाळ्यात बेहड्याच्या खोऱ्यातली टोळी कातळावर गेली. आता गंमत अशी की, त्या टोळीचा म्होरक्या आळशी नव्हता. उलट सगळ्या जंगलात त्याच्याइतका धावणारा कुत्रा नसेल. पण बेहड्याच्या खोऱ्यावर गुहा होत्या, आणि गुहांमध्ये बिबटे पिढ्यान्‌पिढ्या राहत आले होते.

"बगळेराव, आमच्या डोक्यावर गुहा आहेत हो," म्होरक्या म्हणाला. "पळसाच्या खोऱ्यात बिबट्या कधी कुणी पाहिलाय का? तिथली टोळी झोपली तरी हाक येत नाही."

"गुहा मोजायला मला सांगितलेलं नाही," बगळा म्हणाला आणि उडून गेला.

कातळावर पाय भाजत असताना म्होरक्याने खूप विचार केला. खाली अर्जुनाच्या सावलीत पळसाची टोळी जांभया देत पडलेली त्याला दिसत होती. शेवटी तो आपल्या टोळीला म्हणाला, "बिबटे कमी करणं आपल्या हातात नाही. हाका कमी करणं आहे."

पाऊस येऊन गेला, गवत वाढले, आणि बेहड्याच्या खोऱ्यात नवी रीत सुरू झाली. वानराने हाक दिली की कुत्री बिबट्याच्या मागे न जाता आधी झाडाखाली जमू लागली. "कोण ओरडलं? खाली ये. काय पाहिलंस? नक्की बिबट्याच होता की सावली होती?" असे विचारू लागली. एक म्हातारी वानरी खरेच खाली आली. परत वर गेली ती अर्ध्याच शेपटीने. त्यानंतर वानरांना खोकल्याची उबळ आली, तरी ती तोंडावर हात धरत.

एका सकाळी एक पाडस पाणवठ्याच्या वाटेवर उड्या मारत चालले होते. झुडपातून म्होरक्या अचानक समोर आला. पाडस दचकले, टूक् करून ओरडले आणि उलटे पळत सुटले. म्होरक्या मागे धावला. त्याने त्याला गाठले आणि मागच्या पायाचा कडकडून चावा घेतला. (घाबरू नका. या गोष्टीत पाडस मरत नाही. मी आधीच सांगून टाकते, कारण मला स्वतःला अशा गोष्टी शेवटपर्यंत धीराने ऐकवत नाहीत.)

पाडसाची आई, ती हरिणी, म्होरक्याकडे गेली. जाताना तिने काय बोलायचे ते घोकून ठेवले होते. पोचेपर्यंत त्यातले निम्मे विसरली.

"दादा, माझ्या बाळाला तुम्ही चावलात."

"पळत होतं ते."

"पळणं हा गुन्हा आहे का?"

"हे बघ बाई, न पळणाऱ्याला आम्ही कधी चावलोय? विचार कुणालाही."

"कुणाला विचारू? कुणी बोलतच नाही."

"बघ, म्हणजे कुणाची तक्रार नाही," म्होरक्या म्हणाला. मग जरा मऊ आवाजात म्हणाला, "घरी जा. जखमेवर पाला चोळून लाव. लहान आहे, विसरून जाईल."

पाडस विसरले नाही. त्याचा पाय बरा झाला, पण ते पाणवठ्यावर जाईना, कारण दिवसभर टोळी तिथेच बसलेली असे आणि रात्री बिबट्याची भीती. पहाटे ते गवतावरचे दव चाटे. दव होते तोवर भागले. मग उन्हाळा लागला. दव आटले, आईचे दूधही आटत चालले, आणि पाडसाचे नाक कोरडे पडले.

"आई, ते गेले का?"

"नाही रे राजा. ते तिथेच असतात. ते आपलं रक्षण करतात."

"मग आपण उद्या जाऊ."

असे ते रोज म्हणे.

त्याच सुमारास बगळा मोजणीला आला. बेहड्याच्या डहाळीवर बसून त्याने कान दिले. पान पडले तरी ऐकू येईल अशी शांतता होती. तो खूश झाला. इतके शांत खोरे त्याने कुठेच पाहिले नव्हते. हरिणी झाडाखाली येऊन हळूच म्हणाली, "बगळेराव, जरा ऐकाल का?"

"हाक आहे का?"

"हाक नाही. सांगायचं आहे."

"मग नको. सांगणं मोजता येत नाही," बगळा म्हणाला. त्याने हत्तिणीला कळवले की, सगळ्या जंगलात बेहड्याची टोळी पहिली.

म्होरक्याला अर्जुनाची सावली मिळणार होती. निघायच्या आदल्या दिवशी भर दुपारी टोळी पाणवठ्याच्या काठावर ऐटीत बसली होती. निरोप द्यायला आलेला बगळा चिखलात एका पायावर उभा होता. पाडसाला आता नीट उभेही राहवत नव्हते, म्हणून हरिणी त्याला ढकलत ढकलत जांभळीच्या झाडापर्यंत घेऊन आली होती. तिथून पुढे यायला ते तयार नव्हते. पाणी दिसत होते, कुत्रीही दिसत होती.

तेवढ्यात गुहेकडून बिबट्या उतरला. शेंड्यावरच्या म्हाताऱ्या वानरीने त्याला सगळ्यांच्या आधी पाहिले. तिने तोंड उघडले, आपल्या शेपटीकडे पाहिले आणि तोंड मिटले.

मग हरिणीला वास आला. हाक दिली तर म्होरक्या येणार, नाही दिली तर बिबट्या. तिच्या जागी मी असते तर काय केले असते, कोण जाणे. तिने हाक दिली.

सगळी टोळी उठली आणि धावत आली ती हरिणीकडेच. गेले वर्षभर त्यांनी तेवढेच केले होते.

"कोण ओरडलं?"

"मी. दादा, मागे बघा."

"हे ठरलेलंच. मागे बघा म्हणायचं आणि पळायचं."

"मी पळत नाहीये. बाळ चालू शकत नाही, मी पळून जाऊ कुठे? मागे बघा."

म्होरक्याने मागे पाहिले नाही. पहाऱ्यावरच्या सगळ्या कुत्र्यांच्या पाठी आपल्याकडे आहेत, असे दृश्य बिबट्याने जन्मात पाहिले नव्हते. त्याने शेवटच्या तरुण कुत्र्याची मानगूट धरली आणि ओढत न्यायला लागला. कुत्र्याने जी किंकाळी फोडली, ती खालच्या नदीपर्यंत गेली. मग म्हातारी वानरी ओरडली. तिच्यामागून सगळी वानरे ओरडली, मोर ओरडले, सांबरांनी खूर आपटले. वर्षभराच्या साठवलेल्या हाका एकदम बाहेर पडल्या. त्या गलक्याने बिबट्या बिचकला. तेवढ्यात टोळी त्याच्यावर तुटून पडली. तेव्हा तरुण कुत्र्याला टाकून तो गुहेकडे निघून गेला. कुत्र्याचा कान फाटला, जीव वाचला.

बगळा मात्र बुचकळ्यात पडला. "पहारेकऱ्याचीच हाक," तो पुटपुटला. "ही धरायची की सोडायची?"

नदीत डुंबत असलेल्या हत्तिणीने ती किंकाळी ऐकली होती. ती वर आली.

"जंगलातलं सगळ्यात शांत खोरं ना हे? मग हा गोंधळ कसला?"

"किरकोळ आहे, आईसाहेब. निभावलं आम्ही," म्होरक्या म्हणाला.

 हत्तिणीचे लक्ष जांभळीखालच्या पाडसाकडे गेले होते. त्याची जीभ बाहेर आली होती. "पोरा, पाणी तर समोर आहे. पी की."

पाडस हलले नाही. त्याची आई हलली नाही. झुडपांतून सशांचे, साळिंदरांचे, भेकरांचे डोळे दिसत होते. तेही हलले नाहीत. ती सगळी एकाच दिशेला पाहत होती. हत्तिणीने तिकडे पाहिले.

"तुम्ही जरा टेकडीमागे जा," ती टोळीला म्हणाली.

टोळी गेली. मग एकेक जण बाहेर आला. पाणवठ्याच्या कडेने इतकी तोंडे पाण्याला लागली की, काठ दिसेना. बराच वेळ फक्त पाणी पिण्याचा आवाज येत होता. पाडस इतके पाणी प्यायले की, त्याच्या आईला आता दुसरीच काळजी वाटू लागली.

"बगळेराव," हत्तीण म्हणाली, "हे तुम्ही मोजलं होतं?"

"पाणी पिणं माझ्या कामात नव्हतं, आईसाहेब."

"चूक तुमची नाही. काय मोजा ते मी सांगितलं होतं."

मग तिने म्होरक्याला बोलावले आणि पाडसासमोर उभे केले. "याला का चावलास?"

"पळालं म्हणून."

पाडस आईच्या पायांआडून म्हणाले, "तुम्ही मागे लागलात म्हणून मी पळालो."



हत्तिणीने त्याचे म्होरकेपण काढून घेतले आणि त्याला टोळीच्या शेवटी चालायला लावले. त्याने खाली मान घालून विचारले, "मग आम्ही आता चावायचंच नाही का?"

"चावा की. बिबट्याला चावा. पण कुणालाही चावलात तर का चावलात, हे ज्याला चावलात त्याच्यासमोर मला येऊन सांगायचं. आणि ज्याला चावलंय, त्याने टोळीकडे नाही, सरळ माझ्याकडे यायचं. वाटेत कुणी अडवलं तर तेही सांगायचं." मग ती बगळ्याकडे वळली. "गुहांखालचं खोरं आणि पळसाचं खोरं एका मापाने मोजू नका. आणि यापुढे पाणवठ्यावर उभे राहा. पहारेकरी आले की पिल्लं त्यांच्याकडे सरकतात की आईच्या मागे लपतात, तेवढं बघून या."

"पण आईसाहेब, ते डोळ्यांनी बघायला फार वेळ लागेल."

"लागू दे. तुम्हाला उभं राहायची सवय आहे."

पुढच्या वर्षी बेहड्याच्या खोऱ्यातून जंगलातल्या सगळ्यात जास्त हाका आल्या. पळसाच्या टोळीला फार आनंद झाला. बगळा धावत हत्तिणीकडे गेला. ती म्हणाली, "येऊ द्या. हाक मारली की कुणी धावून येतं, असं त्यांना वाटायला लागलंय."

पाडसाची भीती मात्र इतक्यात गेली नाही. टोळी काठावर दिसली की, ते जांभळीपाशी थांबे. त्याला कोणी घाई केली नाही. जुना म्होरक्या पाडस दिसले की, काठ सोडून लांब उन्हात जाऊन बसे. त्याला तसे कोणी सांगितले नव्हते. हिवाळा गेला, पळस फुलला आणि झडला. मग एका दुपारी पाडस, जे आता पाडस म्हणण्याइतके लहान राहिले नव्हते, जांभळीपाशी थांबले आणि तसेच पुढे आले. फाटक्या कानाचा कुत्रा काठावर होता. पाडसाने त्याच्याकडे पाहिले. कुत्रा जागचा हलला नाही. पाडसाने तोंड पाण्याला लावले, एकदा मान वर करून खात्री केली, आणि पुन्हा खाली घातली.

हरिणी मागे उभी होती. त्याचे पाणी पिऊन होईपर्यंत तिने श्वास सोडला नाही.

तात्पर्य : शांतता भीतीनेही होते आणि भरवशानेही, म्हणून राखणदाराचे काम मोजायचे झाले तर किती शांत आहे हे मोजू नये, ज्यांची राखण करायची त्यांना राखणदाराचीच भीती वाटते का, ते पाहावे.