इठाबाईची खाट

एका बाजाराच्या गावात एक सुतार राहत होता. त्याचं नाव मुकुंदा. हात कसबी, पण तोंडातून शब्द निघेल तर शपथ. हो म्हणायचं असलं तरी नुसती मान हलवायचा. बायको इठाबाई मात्र दोघांचं मिळून एकटीच बोलायची.

एकदा इठाबाई माळ्यावरून पडली. मणक्याला मार बसला आणि कमरेखालचं अंग गेलं. चार महिने ती जमिनीवर वाकळ टाकून पडून होती. पाठ सोलून निघाली. तिला उठवायला दोन माणसं लागायची आणि घरात माणूस एकच. मुकुंदा कामधंदा सोडून तिच्याजवळ बसून बघत राहिला. कुठं घासतं, कुठं दुखतं, हात कुठवर पोचतो, सगळं बघितलं. मग त्यानं एक खाट केली.

खाट सागवानी होती. डोक्याकडची फळी बिजागरीवर उचलायची, तिला खालून टेकू आणि टेकूला चार खाचा. टेकू एक एक खाच वर सरकवला की निजलेलं माणूस हळूहळू बसतं व्हायचं. बाजूला आडवा दांडा, तो धरून कुशीवर वळायचं. पायाकडे एक खांब आणि त्याला दोर, तो धरून स्वतःचं स्वतः उठून बसायचं. दुसऱ्याचा हात लागायचा नाही.

इठाबाई त्या खाटेवर तीन वर्षं होती. बसून भाज्या निवडल्या, गोधड्या शिवल्या, आल्यागेल्याशी भांडली. मग एका थंडीत तिला ताप भरला. जायच्या आधी नवऱ्याला म्हणाली, "ही खाट मोडू नका. माळ्यावरही टाकू नका. माझ्यासारखी कुणीतरी कुठंतरी जमिनीवर पडली असेल, तिला द्या. वर्षश्राद्धाच्या आत द्या. नाहीतर तुम्ही नुसते खाटेकडं बघत बसाल. मी ओळखते तुम्हाला."

मुकुंदानं मान हलवली. त्याला वाटलं, फुकट द्यायची वस्तू, त्यात काय अवघड?

पहिले दहा महिने त्याच्यानं खाटेला हात लाववला नाही. मग एक दिवस त्यानं बाबू गाडीवानाला बोलावलं. दोघांनी खाट बैलगाडीवर चढवली आणि धर्मादाय दवाखान्यात नेली. दवाखान्याचा कारभारी टेप घेऊनच बाहेर आला. त्यानं खाट मोजली.

"चार बोटं रुंद आहे. आमच्या सगळ्या खाटा एका मापाच्या असतात."

मुकुंदानं खिडकीतून आत बघितलं. दोन खाटांच्या मधे फरशीवर तीन माणसं पडलेली.

"आणि ही खाली निजलेली?"

"ती जास्तीची माणसं आहेत. त्यांच्या खाटांना मंजुरी नाही."

"मग साहेब," बाबू म्हणाला, "ही जास्तीची खाट त्यातल्या एका जास्तीच्या माणसाला द्या की. दोघंही बिनमंजुरीचे."

कारभाऱ्यानं टेप गुंडाळली आणि तो आत गेला.

दुसऱ्या खेपेला ते वृद्धाश्रमात गेले. तिथल्या बाई फार गोड. त्यांनी गूळपाणी दिलं. म्हणाल्या, "लोक आमच्या म्हाताऱ्यांना किती देतात! वाढदिवसाला चादरी, पुण्यतिथीला चादरी. चारशे चादरी झाल्या आहेत."

"खाट हवी का?" मुकुंदानं विचारलं.

"हवी ना. पण कोरी हवी. जुनी वस्तू दिली की म्हाताऱ्यांना वाटतं, आपल्यालाही जुन्यात काढलं." मग त्यांनी खाटेवरून हात फिरवला. "कोण वापरत होतं?"

"माझी बायको."

"आता बरी आहे?"

"गेली."

"अगंबाई! पण शेवटी खाली घेतलं असेल ना?"

आपल्याकडं माणूस जायला लागलं की त्याला खाटेवरून जमिनीवर घेतात. खाटेवर मरण येऊ देत नाहीत. आलंच, तर त्या खाटेला पुन्हा कुणी शिवत नाही.

"मी एकटाच होतो," मुकुंदा म्हणाला. "हिच्यावरच गेली."

बाईंनी हात असा मागं घेतला, जणू तव्यावर पडला होता. "मग नकोच हो. आमच्या माणसांना कळलं तर एकही जण त्या खोलीत निजायचा नाही."

परत येताना बाबू म्हणाला, "मुकुंदा, लेका, इठावैनी जिवंतपणी एवढी गाडीत बसली नसेल, तेवढी ही खाट फिरली."

तिसऱ्या ठिकाणी मात्र नशीब उघडलं. ते अपंगांच्या सेवेचं मंडळ होतं. पाटी दाराहून मोठी. तिथं कुणी काही विचारलं नाही. लगेच पावती फाडली. म्हणाले, उद्या अध्यक्ष येतील, तेव्हा हार घालून फोटो काढू. शिपायानं मागच्या खोलीचं कुलूप काढलं आणि म्हणाला, "ठेवा आत."

खोलीत जागाच नव्हती. खाटा भिंतीला उभ्या करून लावलेल्या. चाकाच्या खुर्च्या एकीत एक घुसवलेल्या. कुबड्यांचा तर सरपणासारखा भारा बांधलेला. सगळ्यावर कोळ्यांची जाळी.

"हे कुणाला देणार?" मुकुंदानं विचारलं.

"कुणाला म्हणजे? मंडळाला दिलंय ना लोकांनी."

"पण वापरणार कोण?"

शिपाई हसला. "वापरलं तर मोडेल. मोडलं तर देणाऱ्याला काय दाखवायचं?"

आता इथं दुसरा कुणी असता तर खाट टेकवून, पावती खिशात घालून घरी गेला असता. देणं झालं होतं. कागदसुद्धा मिळाला होता. इठाबाई काही वरून तपासायला येणार नव्हती. मुकुंदालाही क्षणभर तसंच वाटलं. तीन खेपा करून तो मेटाकुटीला आला होता. पण त्यानं त्या उभ्या खाटा पुन्हा एकदा बघितल्या. पावती शिपायाच्या हातात दिली आणि खाट गाडीवर परत चढवली.

"आता काय ही गावाच्या वेशीवर टांगायची?" बाबू चिडला. "सरळ फोड आणि चुलीत घाल. नाहीतर माझं ऐक. मस्त घासून रंग मार. कोरी म्हणून दे. विचारणाऱ्याला सांगायचं, दुकानातली आहे. लोकांना खरं नको असतं, गड्या, कोरं हवं असतं."

वर्षश्राद्धाला आठ दिवस उरले होते. मुकुंदानं दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी हिरव्या रंगाचा डबा आणला, खाट घासली आणि रंगवून काढली. नवी नवार ओढली. खाट खरंच नवीकोरी दिसायला लागली.

बाबूच्या नात्यातली एक म्हातारी नदीपलीकडच्या गावात होती. हौसाक्का तिचं नाव. गोठ्यात पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि दोन महिने ती जमिनीवर पडून होती; बाबूला हे नुकतंच कळलं होतं. घरात सून शेवंता आणि दोन लेकरं. बाबूनं तिकडं निरोप धाडला, एक दाता कोरी खाट देतोय.

खाट दारात उतरली तशी शेवंता धावत आली. तिनं खाटेवरून हात फिरवला आणि तिचे डोळे भरले.

"मामा, सासूला कूस बदलताना माझी कंबर गेली बघा. आणि त्यांच्या पाठीची तर चाळण झालीय. देवासारखे आलात."

मुकुंदा खाट कशी वापरायची ते सांगायला लागला.

"दोर एकदम हातात देऊ नका. आधी दांडा धरायला शिकवा. महिनाभरात दंडात बळ येतं, मग दोर. पहिल्या खाचेत जेवण देऊ नका, ठसका लागतो. दुसऱ्या खाचेत द्या. टाचेखाली फडक्याची घडी ठेवा, तिथं सगळ्यात आधी सोलतं. आणि कुशीवर वळताना गुडघ्यात उशी लागते. नाहीतर रात्रभर कण्हतात, पण सांगत नाहीत."

शेवंता त्याच्याकडं बघत राहिली.

"मामा, खाट कोरी. मग तुम्हाला एवढं कसं ठाऊक?"

बाबू मधे पडला. "अगं, सुतार आहे तो! सुताराला सगळं ठाऊक असतं. होय ना रे, मुकुंदा?"

मुकुंदानं नुसती मान हलवायची होती. जन्मभर त्यानं दुसरं काय केलं होतं? मान हलली असती, तर वर्षश्राद्धाच्या आत बायकोचा शब्द पुरा झाला असता आणि एका म्हातारीची पाठ वाचली असती. खोट्यानं कुणाचं नुकसानही नव्हतं. पण खाट रंगवली तरी हे सगळं तो ज्या बाईकडून शिकला होता, तिला कुठं झाकायची? मान हलवली तर इठाबाई कधी झालीच नव्हती, असं म्हटल्यासारखं होणार होतं.

"कोरी नाही," तो म्हणाला. "रंग मारलाय. माझी बायको तीन वर्षं हिच्यावर होती. हिच्यावरच गेली."

शेवंताचा चेहरा उतरला. मग ती तापली.

"मयताची खाट? रंग मारून आणलीत? माझ्या दारात? घरात लहान लेकरं आहेत, मामा. लाज वाटत नाही?"

"वाटते. म्हणूनच सांगितलं."

"घेऊन जा आधी!"

तेवढ्यात आतून हाक आली. "शेवंते! कोण आलंय?"

"कुणी नाही, आत्याबाई."

"कुणी नाही त्याच्याशी एवढ्या मोठ्यानं भांडतेस?"

शेवंताला सांगावं लागलं. "खाट आणलीय. पण तिच्यावर एक बाई मेलीय. खाली न घेता मेलीय."

हौसाक्कानं आतूनच विचारलं, "किती दिवसांनी मेली?"

"म्हणजे?"

"खाटेवर निजल्यावर किती दिवसांनी मेली? नीट विचार त्या बाबाला."

मुकुंदा उंबऱ्याशी आला. "तीन वर्षांनी, आक्का."

"तीन वर्षं! आणि तीन वर्षं काय करत होती?"

"बसायची. भाज्या निवडायची. गोधड्या शिवायची. भांडायची."

"कुणाशी?"

"माझ्याशी. मी एकटाच घरात. पण शेजारणींनाही सोडायची नाही."

"मग मघापासून मेली मेली काय लावलंय?" हौसाक्का आतून कडाडली. "तीन वर्षं जगली म्हणा की! वैद्य मला दिवाळीपर्यंतसुद्धा जगवायला तयार नाही आणि तुम्ही तीन वर्षांची खाट दारातून परत पाठवताय! शेवंते, तुझा सासरा कुठं मेला?"

शेवंतानं खाली जमिनीकडं बघितलं.

"ह्याच जमिनीवर मेला. खाटेवरून खाली घेतला आणि मी निजलेय तिथंच ठेवला. त्याच्या आधी त्याचा बाप इथंच. त्याची आई इथंच. ह्या घरातलं एकूण एक माणूस जमिनीवर मेलंय. मग जमीन टाकून दिलीस का? तिच्यावर जेवतेस, तिच्यावर लेकरं निजवतेस आणि मलाही तिच्यावरच ठेवलीस. आत आण ती खाट. मला काय तिच्यावर बसून लग्नाला जायचंय?"

बाबूला हसू आवरेना. शेवंतानं डोळ्यांना पदर लावला. मग पदर खोचला आणि खाटेचं एक टोक स्वतः उचललं.

तिघांनी मिळून म्हातारीला खाटेवर घेतलं. ती कण्हली, शिव्या दिल्या, मग जरा निवांत झाली. मुकुंदानं टेकू पहिल्या खाचेत सरकवला, मग दुसऱ्या. "दुखतंय का?" त्यानं विचारलं. "सरकव," म्हातारी म्हणाली. त्यानं तिसऱ्या खाचेत सरकवला.

दोन महिन्यांत हौसाक्का पहिल्यांदाच उठून बसली होती. समोर दार उघडं होतं. दारातून अंगण दिसत होतं आणि अंगणात ऊन पडलं होतं. तिनं डोळे बारीक केले आणि एकदम ओरडली, "शेवंते! शेळीनं वाळवणात तोंड घातलंय! रडत काय बसलीस, पळ!"

शेवंता पळाली. तिच्यामागं बाबू पळाला. मुकुंदा मात्र वाकून टाचेखाली फडक्याची घडी कशी ठेवायची ते सांगत होता. बऱ्याच वेळानं त्याच्या ध्यानात आलं, ऐकायला तिथं कुणीच नाही.

"मला सांग," हौसाक्का म्हणाली. "टाच माझी आहे."

तात्पर्य: दान कुठंतरी टाकून मोकळं व्हायचं नसतं, गरज असेल त्याच्या दारापर्यंत पोचवायचं असतं. आणि देताना वस्तूबरोबर तिचं खरंही द्यावं. ज्याला फक्त मिरवायचं असतं, तो कोरं मागतो. ज्याला खरी गरज असते, तो खऱ्याला भीत नाही.