जिवल्याचे सारखे वाटे

नदीकाठच्या एका पाड्यावर जिवल्या नावाचा एक माणूस राहत होता. सगळ्यांनी मिळून मासे धरले, की वाटे घालायला जिवल्यालाच बोलवायचे. तो पळसाची पानं मांडायचा आणि असा हात चालवायचा, की कोणाच्या पानावर एक मासोळीही जास्त जायची नाही. सख्ख्या भावालाही त्याने कधी झुकतं माप दिलं नाही. पाड्यात या कामाचा त्याला मान होता, आणि खरं सांगायचं तर थोडा तोराही होता.

जिवल्याला दोन मुलगे आणि धाकटी मंजी. मंजीला दुसरं वर्ष लागलं, तरी ती बसल्या जागेवरून हलत नव्हती. हातपाय काटकुळे, चेहरा म्हातारीसारखा. अंगणवाडीच्या कुंदाताईंनी तिच्या दंडाला घेर मोजायची रंगीत पट्टी लावली, तर पट्टी लाल रंगावर, म्हणजे धोक्याच्या खुणेवर, थांबली. त्यांनी तिला दवाखान्यात पाठवलं, तिथे डॉक्टरांनी तपासलं. मंजीला ताप नव्हता, भरवलेलं ती खात होती, म्हणून घरीच उपचार होतील असं ते म्हणाले. पण अशीच वाळत गेली तर पोर हाती लागणार नाही, हेही त्यांनी तिच्या आईला, लखमीला, स्पष्ट सांगितलं. सोबत मंजीसाठी औषध म्हणून पाकिटं दिली. आत शेंगदाण्याचा गोड, मऊ लगदा होता.

घरी जिवल्याने एक पाकीट फोडलं, बोटाने चाखलं. औषध कडू असतं, हा तर खाऊ आहे, असं म्हणून त्याने तीन पानांवर तीन वाटे घातले. लखमीला ते पटलं नाही. पण ज्याने घातलेल्या वाट्यांना सारा पाडा मान देतो, त्याचा हात घरात कोण धरणार?

आठवडे गेले. मुलग्यांचे गाल वर आले. मंजी तशीच राहिली. आता तर तिला रडायचंही त्राण उरलं नाही. कुंदाताई चक्रावल्या. एक दिवस त्या जेवणाच्या वेळी घरी आल्या आणि त्यांना ती तीन पानं दिसली.

जिवल्या अभिमानाने म्हणाला, "ताई, आमच्यात कोनी एकट्यानं खात नाय. तीन पोरं, तीन वाटं. बघा, कमीजास्त हाय का काय?"

कुंदाताई रागावल्या नाहीत. त्यांनी दंडाची पट्टी त्याच्याच हातात दिली.

"वाटे सारखेच आहेत, दादा. आता पोरं सारखी आहेत का, ते मोजा."

जिवल्याने मोजलं. दोन्ही मुलग्यांच्या दंडाला हिरवा रंग आला. मंजीच्या दंडाला पट्टी आवळत गेली आणि लाल रंगावर थांबली. तिचा दंड जेमतेम त्याच्या दोन बोटांएवढा होता.

दुसऱ्या दिवशी त्याने अख्खं पाकीट मंजीपुढे ठेवलं. मधल्या मुलाने सवयीने पान पुढे केलं आणि आपला वाटा मागितला. उभ्या जन्मात जिवल्याने कोणाचं पान रिकामं ठेवलं नव्हतं.

"हे तुझं नाय," तो म्हणाला. "हे मंजीचं औषध हाय."

पोरगा रडला. जिवल्याने मन घट्ट केलं आणि दोघांना खिचडी खायला अंगणवाडीत नेऊन बसवलं. इकडे लखमी मंजीला थोडं थोडं भरवत राहिली, मधूनमधून पाणी पाजत राहिली.

मंजी आधी भुकेने मोठमोठ्याने रडायला लागली, आणि ते ऐकून लखमीच्या जिवात जीव आला. मग ती रांगली. मग कुडाच्या भिंतीला धरून उभी राहिली. यथावकाश तिच्या दंडावरही हिरवा रंग आला, आणि आता पाकिटं नकोत, घरचंच भरपूर खाऊ द्या, असं कुंदाताईंनी सांगितलं.

त्याच संध्याकाळी सगळे जेवायला बसले होते. मंजी डुलत डुलत आली, मधल्या भावाच्या हातातली अर्धी भाकर तिने हिसकावली आणि तिथेच खायला बसली.

"बा, हिनं माझा वाटा पळवला," पोराने तक्रार केली.

जिवल्या हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. त्याने आपल्या भाकरीचा तुकडा मोडून पोराला दिला.

"खाऊ दे रे तिला," तो म्हणाला. "पळवू दे."

तात्पर्य: सगळ्यांना सारखं देणं म्हणजे न्याय नव्हे, ज्याचा जीव ज्यावर अडला आहे, ते त्याला पुरेपूर देणं हा न्याय.