गादीवरचा लॅपटॉप

"आता याला आणखी काय करायचं राहिलंय, महाराज?"

सुश्रुतने विचारलं खरं, पण त्यात प्रश्न कमी आणि तक्रारच जास्त होती. समोर लॅपटॉप तापून विस्तव झाला होता आणि त्याचा पंखा थांबायचं नाव घेत नव्हता.

खानदेशातल्या त्या टेकडीवरच्या मठात सुश्रुत आला तो संगणकाची पदवी घेऊन. महाराजांची प्रवचनं ध्वनिमुद्रित करायची, लिहून काढायची, त्यांचा ग्रंथ करायचा, हे काम त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं. आणि आता प्रत्येक प्रवचनात महाराजांच्या आवाजाखाली हा पंखा घुरघुरत होता.

"काय काय केलंस?" महाराजांनी विचारलं.

"सगळं केलं. शहरात नेऊन उघडून घेतला. धूळ काढली, आतलं थंडाव्याचं मलम बदललं, नको ते प्रोग्रॅम बंद केले. दुकानात तासभर चालवून पाहिला, आवाज नाही. इथे आणला की पुन्हा सुरू."

"म्हणजे दुकानात बरा असतो."

"हो."

"आणि आपल्याकडे आजारी पडतो..."

सुश्रुतला हे काही आवडलं नाही. त्या लॅपटॉपची त्याने ठेवली होती तशी बडदास्त जावयाचीही कुणी ठेवत नाही. खाली मखमली गादी, भोवती रेशमी उपरणं, पुढ्यात उदबत्ती. महाराजांची वाणी आत साठवलेली, मग ती काय उघड्या फरशीवर ठेवायची?

महाराज लॅपटॉपकडे बघत राहिले.

"श्वास कुठून घेतो रे हा?"

"खालून. पोटाला जाळी असते त्याच्या."

"आणि खाली काय आहे?"

सुश्रुतने लॅपटॉपखालच्या मखमलीत बोट रुतवून पाहिलं.

महाराजांनी आपल्या उंच गादीवरून वाकून उपरणं सोडलं. लॅपटॉप उचलून फरशीवर ठेवला आणि पूजेच्या ताटातल्या चार सुपाऱ्या घेऊन त्याच्या चार कोपऱ्यांखाली सरकवल्या.

दोघे बसून राहिले. हळूहळू घरघर उतरली, मग थांबली. मठात इतकं शांत कित्येक दिवसांत झालं नव्हतं.

सुश्रुतचे कान लाल झाले. एवढी पदवी, एवढा तोरा, आणि आपणच त्याचं नाक दाबून बसलो होतो!

"लाज वाटते, महाराज. इतकं साधं मला..."

महाराजांनी अंगावरची शाल काढली. तिच्या आतली दुसरी काढली. ऐन उन्हाळ्यात या दोन्ही शाली सुश्रुतनेच त्यांच्या खांद्यांवर घातल्या होत्या, गुरूच्या इतमामाला शोभाव्यात म्हणून. मग ते उंच गादीवरून उतरले आणि फरशीवर, लॅपटॉपच्या शेजारी बसले.

"महाराज, खाली नको!"

"सखाहरी बऱ्याच दिवसांत दिसला नाही रे..."

सखाहरी म्हणजे खालच्या वस्तीतला म्हातारा, महाराजांचा लहानपणचा सवंगडी. दर सोमवारी काठी टेकत टेकडी चढायचा आणि महाराजांना खेटून बसून तंबाखू चोळायचा.

"येतील की. तब्येत जरा..." सुश्रुत बोलायला लागला आणि अडखळला. पंखा चालू असता तर त्या आवाजात खोटं खपूनही गेलं असतं.

"ते आले होते, महाराज. दोनदा. मीच दारातून परत पाठवलं."

"दोनदा?"

"दुसऱ्यांदा निरोप घ्यायला आले होते. लेकीकडे सुरतेला चाललोय म्हणाले, आता काही परत येणं व्हायचं नाही, एकदा डोळे भरून बघून घेतो. मी म्हटलं, महाराज ध्यानात आहेत."

"होतो?"

"नाही... मागच्या ओट्यावर शेंगा सोलत होतात."

हे सांगताना धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं त्याला झालं. म्हातारा उतरणीला लागताना दोनदा मागे वळला होता, तेही आत्ता आठवलं. ते मात्र त्याला सांगवलं नाही.

"का पाठवलंस?"

"ते तुम्हाला भक्तांसमोर भलत्याच नावाने हाक मारायचे. मला सहन व्हायचं नाही."

"काय नाव?"

"महाराज, ते माझ्या तोंडून कसं..."

"काय नाव?"

सुश्रुतची मान छातीला टेकली.

"शेंबड्या."

महाराजांनी डोळे मिटले. ओठांवर हसू आलं, आणि गालांवरून पाणी दाढीत उतरलं. सुश्रुतने त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. आपणच रडवलं, हे कळताच तो उठून उभा राहिला.

"मी आत्ता निघतो, महाराज. सुरतेत पत्ता काढतो, पाय धरतो त्यांचे, घेऊन येतो..."

महाराजांनी हाताने त्याला खाली बसवलं.

"लेकीच्या घरी आहे तो, सुखानं राहू दे... उद्यापासून रोज सकाळी, भक्त बसलेले असताना, ती हाक तू मारायची."