ऐंशीवरचा काटा

“पण काटा खरा की खोटा, एवढंच सांगा ना चाचा!”

मुल्लाचाचांनी मान वर केली नाही. ते एका जुन्या जीपच्या मीटरमधली धूळ ब्रशने झाडत होते.

कऱ्हाडला त्यांचं एवढंसं दुकान. गाड्यांच्या वेगाचे काटे ताळ्यावर आणण्यात चाचांची चाळीस वर्षं गेली होती, आणि त्या निमित्ताने माणसंही पुष्कळ बघून झाली होती. समोर उभा होता तो निनाद देवकुळे, साताऱ्याचा, शिक्षणाने इंजिनिअर. त्याच्या मागे दोन पावलांवर शाल्मली, त्याची बायको. लग्नाला अडीच महिने झाले होते.

“कुणाला सांगू?” चाचांनी विचारलं. “तुम्हाला, का घरात आणखी कुणाला?”

निनादने मागे पाहिलं नाही. शाल्मलीने मात्र चाचांकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

गोष्ट अशी झाली होती. मागच्या महिन्यात ती एकटी गाडी घेऊन कोल्हापूरला, माहेरी जाऊन आली. आठ दिवसांनी हायवेवरच्या कॅमेऱ्याची नोटीस घरी आली. मर्यादा ऐंशीची, गाडी सत्याऐंशीवर. “काटा ऐंशीच्या पुढे गेला नव्हता,” एवढंच ती म्हणाली.

घरात कुणी आवाज चढवला नाही. देवकुळ्यांकडे आवाज चढवायची पद्धतच नव्हती. गाडीची किल्ली तेवढी दारामागच्या खिळ्यावरून सासूबाईंच्या कपाटात गेली. मग आमटीत मीठ घातलंय म्हटलं तरी सासूबाई चमचा बुडवून बघू लागल्या. गॅस बंद केलाय म्हटलं तरी निनाद स्वयंपाकघरात सहज म्हणून एक चक्कर टाकून येऊ लागला.

सहज.

“फोनवर बघितला न्हाई का वेग?” चाचांनी विचारलं.

“बघितला. काटा ऐंशीवर असताना फोन सत्याऐंशी म्हणतो. पण फोनचं काय घेऊन बसलात? त्याने आम्हाला एकदा हॉटेल म्हणून पोल्ट्रीत नेऊन सोडलंय.”

“आणि कॅमेरा?”

“कॅमेरा सरकारी आहे. तो कशाला चुकेल?”

“काटा?”

“कंपनीतूनच बसून आलाय. तोही बरोबरच असणार.”

चाचांनी दोन बोटं मिटली. “कॅमेरा खरा. काटा खरा...”

तिसरं बोट त्यांनी उघडंच ठेवलं आणि त्याच्याकडे बघत राहिले.

निनादला ते आवडलं नाही. त्याने वळून शाल्मलीला विचारलं, “तू आधी कधी आली होतीस का गं इथे?”

“नाही.”

“मग ठीक आहे.”

ठीक आहे म्हणताना त्याने दुकानाची पाटी पुन्हा एकदा वाचली.

गावाबाहेर कालव्याच्या कडेने एक सरळ, रिकामा रस्ता जात होता. त्यावर चाचांनी दोन बाभळींना पांढरे पट्टे मारून ठेवले होते. एका पट्ट्यापासून दुसऱ्यापर्यंत बरोबर एक किलोमीटर.

“काटा ऐंशीवर धरायचा,” चाचा म्हणाले, “आणि या झाडापासून त्या झाडापर्यंत...”

“पंचेचाळीस सेकंद लागायला हवेत,” निनादने वाक्य पुरं केलं. “माहितेय मला. पण हा एक किलोमीटर कशावरून?”

“मी मोजलाय.”

“तुम्ही मोजलाय हो...”

चाचांनी पिशवीतून पन्नास मीटरची टेप काढली आणि त्याच्या हातात दिली. “वीस वेळा टाका.”

चाचांना वाटलं, पाहुणा हसेल आणि सोडून देईल. निनादने बाह्या वर केल्या.

भर अकराच्या उन्हात दोघं नवरा-बायको टेप टाकत निघाले. शून्याचं टोक शाल्मलीकडे. “नीट धरलंस ना?” “धरलंय.” पन्नास मीटर. “हलली नाहीस ना?” “नाही.” पन्नास मीटर. कालव्यात म्हशी बसल्या होत्या, त्या माना वळवून बघत राहिल्या. वीस वेळा त्याने विचारलं, वीस वेळा तिने सांगितलं. शेवटी हिशेब आला हजार मीटर आणि वर एक वीत.

“वीतभर जास्त आहे,” निनाद म्हणाला.

“बाभळ जाड झाली असंल,” चाचा म्हणाले.

शाल्मलीने पदर तोंडाला लावला. ऊन फार होतं.

मग घड्याळाचा प्रश्न आला. चाचांचं शर्यतीचं घड्याळ निनादने कानाला लावून बघितलं आणि परत दिलं. “माझं वापरतो. गाडीही मीच चालवणार.”

“आणि मी?”

“तुम्ही शेजारी बसून काट्यावर लक्ष ठेवा. तू मागे बस.”

त्याने मनगटावरचं घड्याळ काढून स्टिअरिंगवरच्या डाव्या मुठीत धरलं, अंगठा बटणावर ठेवला आणि गाडी लांबून पळवत आणली. काटा ऐंशीवर आला, थांबला. पहिली बाभळ आली, दुसरी आली, गेली.

“चव्वेचाळीस!” निनादने गाडी कडेला घेतली. “बघा. एखाद्या सेकंदाचा फरक. मीटर ठणठणीत आहे.”

आरशातून त्याने मागे पाहिलं. त्यात राग नव्हता. बिचारीला समजून घ्यायला हवं, अशी एक मोठी तयारी होती.

शाल्मलीने खिडकीबाहेर पाहिलं. मागच्या सीटवरून तिला त्याचा अंगठा स्वच्छ दिसला होता. पहिली बाभळ यायची होती तेव्हाच तो दाबला गेला होता. दुसरी मागे पडली तेव्हा तो अजून घड्याळाकडे बघत थांबला होता.

ती बोलली असती. पण त्या घरात तिचं बोलणं सध्या तपासणीवर होतं.

चाचांनी खिशातून रुमाल काढला, झटकला आणि निनादच्या मुठीतल्या घड्याळाच्या तोंडावर गुंडाळला. बटण तेवढं बाहेर ठेवलं.

“हे काय?”

“ऊन लय हाय. त्यालाबी लागतं.”

“अहो, पण सेकंद दिसणार कसे? मी बघू कुठे?”

“झाडाकडं.”

गाडी पुन्हा लांबून आली. काटा ऐंशीवर. पहिली बाभळ, दुसरी बाभळ. निनादने गाडी थांबवून रुमाल सोडला.

एक्केचाळीस.

“चुकलं काहीतरी,” तो म्हणाला.

“पुन्हा करा.”

पुन्हा रुमाल. पुन्हा एक्केचाळीस.

“रुमालामुळे बटण नीट दाबलं जात नसेल. मी उघड्यावर करतो.”

“करा की.”

या खेपेला त्याने रुमाल चाचांच्या मांडीवर टाकला. गाडी वेगात आली. काटा ऐंशीवर स्थिर झाला. पहिली बाभळ अजून चांगली वीस-पंचवीस पावलं पुढे असेल...

आणि निनादला आपला अंगठा दिसला.

तो दाबून झाला होता.

त्याने हळूहळू वेग कमी केला. दुसऱ्या बाभळीपर्यंत तो गेलाच नाही. गाडी मध्येच थांबली. इंजिनही बंद झालं. कालव्याच्या पाण्याचा आवाज येत राहिला...

चाचा खाली उतरले. पुढच्या चाकाशी उकिडवे बसले आणि टायरवर हात ठेवून म्हणाले, “हे कवा घातलं?”

“लग्नाच्या आधी.” निनाद अजून मुठीकडे बघत होता. “आधीचे बारीक होते. वरातीत गाडी जरा बसकी दिसली असती.”

“चाक थोरलं झालं पावणं. एका फेऱ्यात ते आता जास्त रस्ता कापतंय. काट्याला रस्ता दिसत न्हाई, त्याला फेरे कळत्यात. तो पहिल्यासारखंच मोजतोय... ऐंशी.”

कालव्यातली एक म्हैस उठली, अंग झाडलं आणि परत पाण्यात बसली.

“शाल्मली...” तो म्हणाला.

ती थांबली. पुढचं काही आलं नाही. तिने ते तेवढंच घेतलं.

दुकानात परतल्यावर त्याचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला. “मग आता उपाय काय?”

“एक तर पहिलं टायर चढवा.”

“ते विकून टाकले.”

“मग मीटर उघडून आतल्या स्प्रिंगचा ताण कमी करायला लागंल. जरा जरा करत, पुन्हा त्या रस्त्यावर फिरवून बघत. दोन दिवस.”

“करा. आणि काटा कमी दाखवत होता, असं एका कागदावर लिहून द्या. आईला दाखवायला.”

चाचांनी पेचकस घेतला. “कागद कशाला? तुम्ही सांगा की.”

“मी सांगितलं तर...” निनाद थांबला. मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, “आई म्हणेल, बायकोची बाजू घेतोय. विश्वास नाही ठेवायची.”

“असं हुतं खरं,” चाचा म्हणाले.

शाल्मलीला हसू आलं नाही. तिला त्या क्षणी नवऱ्याची थोडी दया आली.

चाचांनी पेच काढले, मागची केबल सोडवली आणि अख्खा मीटर बाहेर ओढला. स्टिअरिंगमागे मोठं काळं भोक उरलं. निनादने त्यात वाकून पाहिलं.

“अहो, पण हा तुमच्याकडे राहणार, आणि आम्हाला आत्ता साताऱ्याला जायचंय!”

“जावा की.”

चाचांनी मीटर वर्तमानपत्रात गुंडाळला. मग गाडीला लागलेली किल्ली काढली, निनादला ओलांडून दोन पावलं मागे आले आणि शाल्मलीसमोर धरली. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. हात पुढे केला.

“हिच्याकडे?” निनाद म्हणाला. “चाचा, समोर काटा नाही, काही नाही... गाडी किती वेगाने चाललीय, हे मला कळणार कसं?”

चाचा आपल्या स्टुलावर बसले. जीपचा मीटर पुढे ओढला.

“शेजारी बसायचं,” ते म्हणाले. “आणि त्यांना विचारायचं.”