प्रतापरावांचं कोडं

गावचं तळं बुजवून प्रतापरावांनी तिथं लाटांचा हौद आणि घसरगुंड्यांचं मोठं उद्यान उभारलं. उद्घाटनाला सारं गाव जमवलं आणि माइकवरून कोडं घातलं, "लहान पोराला इथं आणायचं योग्य वय कोणतं? बरोबर सांगेल त्याला मागेल ते देईन!"

कुणी चार म्हणालं, कुणी आठ. वैजयंता दोन्ही पोरांना घेऊन मागे उभी होती. तळं वाचवायला तिनं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते. आता नुसतं बोलणंच हाती उरलं होतं.

"दोन वर्षं," ती म्हणाली.

प्रतापराव खो खो हसले. "अगं बाई, दोन वर्षांच्या पोराला काय आठवणार?"

"म्हणूनच म्हणते, मालक. माझा थोरला सहाचा आहे. मघापासून विचारतोय, मी पोहायला शिकलो ते तळं कुठंय? धाकटी दोनची, तिला तळं आठवतच नाही. ती तुमच्याकडे मजेत खेळेल."

गर्दीत कुणीतरी टाळी वाजवली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रतापरावांचा चेहरा उतरला.

"बरं, माग काय ते," ते पुटपुटले.

"तळं द्या."

त्यांनी घाईघाईनं बँडवाल्यांना खूण केली.

"बरी जिरवलीस गं!" बायका बँडच्या आवाजात ओरडल्या. वैजयंताला हसू फुटेना. कडेवरची धाकटी लाटांकडे झेपावत होती. यापुढे गावात जन्मणाऱ्या एकाही पोराला तळं आठवणार नव्हतं.