एक पाऊल मागे

एका राज्यात दुर्दमसेन नावाचा राजा नांदत होता. काय त्याचा रुबाब आणि काय तो हट्ट! लढाई असो की जेवणाच्या पाटावरचा वाद, पाऊल म्हणून मागे घेणार नाही, ही त्याची प्रतिज्ञा.

एकदा राणी रेवंती आणि तान्ह्या राजपुत्राला घेऊन तो घाटातून चालला होता. वाट अरुंद. समोरून डोक्यावर मोळी घेतलेली एक म्हातारी आली. रथ जरा मागे घ्या, म्हणाली. राजाने घोडे पुढे हाकले. म्हातारी दरीच्या कडेला लोंबकळली. पण ती होती चेटकीण. वर आली नि म्हणाली, "मागे सरायचं नाही ना तुला? मग तुझी राणीही मागे सरणार नाही."

झालं! राणीच्या जागी एक करडं जनावर बसलं होतं. उभे कान, आखूड हात, लांबलचक मागचे पाय, जाड शेपूट. पोटाला पिशवी, आणि पिशवीतून टकमक बघणारं पिल्लू, म्हणजे आपला राजपुत्र. एका उडीत ते काळ्या कड्यांकडे निघून गेलं.

दरबारात बोलकी साळुंकी होती. तिने सांगितलं, समुद्रापलीकडे या जनावराला वॅलबी म्हणतात, त्याला उलटं चालता येत नाही.

"शाप सोडवायचा तर तीन कामं आहेत, महाराज. कडे पायी चढावे. ऊन उतरेपर्यंत निश्चल बसावं, ती तेव्हाच चरायला येते. आणि ती दिसली की एक पाऊल मागे घ्यावं. कुत्री मात्र नेऊ नयेत. पाठलाग झाला, तर ही आई पिल्लू टाकून पळते."

राजाच तो, ऐकतो कसला! शिकारी कुत्री नेलीच. पायथ्याशी बांधली, एवढंच. कडे चढताना त्याचे तळवे सोलवटले. दिवसभर तो दगडासारखा बसला. सांज झाली, राणी आली, गवत खुडू लागली. पिशवीतून पिल्लूही तोंड काढून खुडत होतं. राजाचा ऊर भरून आला.

एक पाऊल, बस्स. मेल्याला तेवढं जमेना. तो हाक मारत पुढे धावला. राणीने मागचे पाय जमिनीवर आपटले नि उडी घेतली. हाकेसरशी कुत्री दोर तोडून सुटली. राणी वर कड्यावर पोहोचली, तेव्हा पिशवी रिकामी होती.

खाली गवतात कुत्री थांबली होती. राजा जवळ गेला, पाहिलं, आणि आपसूक एक पाऊल मागे सरला.

शाप सुटला. कड्यावर रेवंती उभी राहिली, माणसाची, पहिल्यासारखी. तिचे हात पोटाशी गेले नि तिथेच राहिले.

पुढे राज्याची घडी बसली. घाटात आधी राजाचा रथ मागे घ्यायचा, असा नियम झाला. नगारे वाजले, दरबार भरला. सगळ्यांदेखत राजा सिंहासनावरून उतरला, हात पुढे करून म्हणाला, "देवी, माझं चुकलं."

 राणी एक पाऊल मागे सरली.