अर्ध्या गोष्टीची कहाणी

ऐका हिंवाळ्याबाई, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं, पण त्याला वेस नव्हती, वाडे नव्हते. नदीकाठी कातड्याचे बारा तंबू होते, तेवढंच नगर. दूर उत्तरेचा मुलूख. तिथं हिंवाळ्यात सूर्य डोकावतो आणि परत जातो. तिथले लोक स्वतःला देने म्हणत.

त्या नगरात एक बाई होती. तिला मुलगी झाली, मुलीचं नाव ठेवलं झान. मूल झालं की तिथं बाईला मुलाच्या नावानं हाक मारतात. मग ती झानची आई झाली. घरात नवरा होता, आंधळी सासू होती. सासू म्हणजे सख्खी आत्या. आत्याबाई साऱ्या नगराला गोष्टी सांगत.

एके वर्षी नदी गोठायच्या सुमारास झानला न्हाण आलं. त्यांची रीत अशी, की मुलीनं हिंवाळाभर बाजूला बसावं. माणसांपासून लांब, फांद्यांच्या झोपडीत. डोक्यावर कातड्याची लांब कुंची घ्यावी. हंसाच्या हाडाच्या नळीनं पाणी प्यावं. शिवण शिकावं, धीर शिकावा. आजीखेरीज कोणाशी बोलू नये. मग आजी नातीबरोबर झोपडीत राहायला गेली.

जाताना सुनेला म्हणाली, "बाई, मी एक वसा सांगते, तो घेशील का?"

"घेईन, आत्याबाई. कसा घ्यायचा ते सांगा."

"पहिला बर्फ पडेल त्या दिवशी घ्यावा, नदी फुटेल त्या दिवशी सोडावा. रोज दिवस कलताना भूर्जसालीच्या न गळणाऱ्या टोपलीत पाणी आणावं, लाकडाची मोळी आणावी. झोपडीबाहेर बसावं, गोष्ट ऐकावी, वाक्यावाक्याला हुंकार द्यावा. गोष्ट अर्धी टाकून उठू नये. न मागता मी सांगणार नाही, आणि उन्हाळ्यात तर मुळीच नाही. एक गोष्ट पुरी झाली की हिंवाळ्याचा एक घास कमी होतो. घ्यायला सोपा आहे, पाळायला अवघड आहे. गर्व आला तर राहणार नाही."

झानच्या आईनं वसा घेतला. रोज पाणी आणी, मोळी आणी, बाहेर बसून "हं, मग?" म्हणे. तिनं लावलेल्या फाशांत ससे पडू लागले. नवऱ्याला कॅरिबू मिळाले, ती तिकडची मोठी शिंगाळी हरणं. मांस वाळलं, कुटलं, चरबीत मिसळलं. तंबू भरला.

भरल्या तंबूत पाहुण्या येऊ लागल्या. एके दिवशी शेजारीण आली, गाहची आई. नवे मणी घेऊन आली.

"चल गं, मणी ओवू. कुठं निघालीस?"

"आत्याबाईंकडं. गोष्ट ऐकायला."

"अगोबाई! न्हाण लेकीला आलंय, की तुला? गोष्टीनं पोट भरतं होय?"

सगळ्या हसल्या. झानची आई ओशाळली. तरी गेली, पण मन मण्यांत राहिलं. आत्याबाई सांगत होत्या, "मग त्या बाईला माणसं मागं टाकून गेली. तिला भूक लागली. मग ती तळ्याच्या वरच्या टोकाला गेली. मग तिनं बर्फाला कान लावला—"

झानची आई उठली. "राहिलेली उद्या ऐकते, आत्याबाई. घरी बाया खोळंबल्यात."

"बाई, हुंकार तुटला. अर्धी गोष्ट उघड्यावर पडेल. हिंवाळा ती खाईल आणि माजेल."

"खाऊ दे. आमच्याकडं खायला पुष्कळ आहे," असं म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी मोळी ठेवून परतली. तिसऱ्या दिवशी तेही विसरली. चौथ्या दिवशी लाज वाटली, म्हणून लांबूनच पाणी, मोळी, जेवण ठेवून आली. पुढं तसंच चाललं.

मग काय झालं? हिंवाळा सरेना. पहिल्यांदा फासे पाहिले, तर नुसती लव होती. दुसऱ्यांदा पाहिले, तर नुसती पावलं होती. तिसऱ्यांदा पाहिले, तर पावलंही नव्हती. कॅरिबूंनी वाट बदलली. नगर फुटलं, जो तो आपली भूक घेऊन दुसऱ्या नदीकडं गेला. गाहची आई जाताना म्हणाली, "येतेस?" झानची आई म्हणाली, "लेक कुंचीत आहे, तिला हलवता येत नाही."

नवरा म्हणाला, "मी डोंगरापलीकडं जाऊन बघतो. धूर दिसता ठेव, म्हणजे मला वाट सापडेल." पायांना बर्फावर चालायच्या जाळ्या बांधल्या आणि गेला. दहा दिवस झाले, आला नाही.

तंबूतलं मांस संपलं. तिनं कातड्याच्या वाद्या उकळल्या, तेच पाणी झोपडीपाशी ठेवलं. मग तिला अर्धी गोष्ट आठवली. तळ्याचं वरचं टोक आठवलं. आत्याबाईंकडं कुठल्या तोंडानं जाऊ? आपणच बघू, म्हणाली. हाडाची पहार घेतली, तळ्यावर गेली. एका जागी कान लावला, खोदलं, बर्फच बर्फ. दुसऱ्या जागी कान लावला, खोदलं, बर्फच बर्फ. तिसऱ्या जागी खोदताना पहारीचं टोक मोडलं. ती तिथंच बसून रडली. अश्रू गालावर गोठले, ते नखानं काढले, आणि उठली.

मग पाणी घेतलं, मोळी घेतली, झोपडीपाशी गेली, बाहेर बसली.

"आत्याबाई, मी चुकले. गोष्ट जिथं टाकली तिथून सांगा."

आतून आवाज आला नाही. तिनं पडदा सारला. म्हातारी भिंतीला टेकून होती, तिची नुसती हाडं उरली होती. आपल्या वाट्याचं रोज नातीला देत होती. झानला कुंचीतून स्वतःच्या हातांपलीकडं काही दिसत नव्हतं. तिला वाटे, आजीही जेवते आहे.

म्हातारीनं ओठ हलवले, पण शब्द फुटला नाही. झानची आई म्हणाली, "आता काय करू? गोष्ट गेली, आत्याबाई चालल्या, आता लेकही जाईल."

तेव्हा कुंचीच्या आतून झान कुजबुजली, "आजी, मी बोलू का? तू उरलेली गोष्ट मला सांगितलीस. मी हुंकार दिला होता."

रीत अशी, की कुंचीतल्या मुलीनं गोष्ट सांगू नये. म्हातारीनं चाचपडत नातीचा हात शोधला. तो उचलून आपल्या ओठांवर ठेवला, मग नातीच्या ओठांवर ठेवला. झानला समजलं.

झान म्हणाली, "मग तिनं बर्फाला कान लावला. काही ऐकू आलं नाही."

आई म्हणाली, "हं, मग?"

"मग तिला समजलं, की बर्फ जाड असला तर कानाला काही सांगत नाही. आधी डोळ्यानं बघावं. जिथं पाणमांजर पोटावर घसरत गेलेलं असतं, ती घसरण धरावी."

"हं, मग?"

"मग घसरण जिथं संपते, जिथं बर्फाला खळगा पडलेला असतो, तिथं पाणी वाहतं असतं, बर्फ पातळ असतो. तिथं कान लावावा. तिथं मासे श्वासाला येतात. पहिला मासा म्हाताऱ्या माणसाला द्यावा. काटे कुत्र्याला घालू नयेत, पाण्यात परत सोडावेत."

"हं, मग?"

"मग काही नाही. गोष्ट संपली. हिंवाळ्याचा एक घास कमी झाला."

झानची आई उठली. मोडकी पहार घेतली, हाडाचा गळ घेतला, तळ्यावर गेली. तीच जागा, तेच टोक. कान लावला नाही, आधी बघितलं. वाळुंजांच्या झुडपाआडून घसरण गेलेली होती. त्या खुणेमागून गेली. खळगा दिसला. कान लावला, तर आत पाणी खुळखुळत होतं. चार घाव घातले, पाणी वर आलं. गळ सोडला. एक मासा आला, दोन आले, मग मोजले नाहीत.

पहिल्या माशाचं कालवण केलं, आत्याबाईंच्या ओठाला लावलं. एक घोट गेला, दोन गेले, तिसऱ्याला म्हातारीनं स्वतः भांडं धरलं. काटे पाण्यात सोडले. मोठा जाळ केला, मासे धुराला टांगले. तो धूर डोंगरापलीकडून झानच्या बापानं पाहिला. पाय सुजले होते, तरी धुराच्या रोखानं चालत आला.

तेव्हापासून झानच्या आईनं एक दिवस चुकवला नाही. पाणी आणी, मोळी आणी, बाहेर बसे. आत्याबाईंचा आवाज परत आलाच नाही. म्हणून झान सांगे. तिच्या गोष्टीला आता दोन हुंकार येत, एक बाहेरून आईचा, एक आतून आजीचा, श्वासाएवढा. एके दिवशी गोष्ट संपली आणि आतला हुंकार आला नाही. त्याच दिवशी नदी फुटली. झाननं कुंची उतरवली, आजीच्या अंगावर पांघरली.

मग माणसं परत आली, बारा तंबू उभे राहिले. पुढच्या हिंवाळ्यात पहिला बर्फ पडला, तशी गाहची आई पाणी आणि मोळी घेऊन झानच्या दाराशी येऊन बसली. म्हणाली, "झानबाई, गोष्ट सांगा." आणि पहिल्या वाक्याला हुंकार दिला.

हिंवाळ्याबाई, जशी झानच्या आईची अर्धी गोष्ट पुरी केलीस, तशी ऐकणाऱ्यांची, सांगणाऱ्यांची पुरी कर. ही साठां घासांची कहाणी पांचां घासांत सांगितली, सुफळ झाली, पुरी झाली. बायांनो, हुंकार द्या.